परसरामभाऊंचा ठिणगीचा तक्ता

१९७५ च्या जूनमध्ये मी लाखांदूरला गणिताची शिक्षिका म्हणून रुजू झाले. आमचे हे जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीला आणि क्वार्टरही तिथेच, त्यामुळे आठवडाभर मी लाखांदूरला एका खोलीत राहायची आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं घरी जायची. एसटी थांबायची त्याच्या समोर टिनाची एक शेड होती. तिथे परसराम नंदागवळी गाड्या दुरुस्त करायचे.

वय असेल तेहतीस-चौतीस. अंगानं सडपातळ, बोलणं कमी. मूळचे एकोडीचे. वडील दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, रोवण्या-कापण्या करायचे. छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आल्यावर पोराला त्यांनी एकच सांगितलं, शाळा सोडायची नाही. परसरामभाऊ सातवीपर्यंत शिकले. पुढची शाळा लांब होती, घरात खाणारी तोंडं जास्त होती. मग साकोलीला एका गॅरेजात बारा वर्षं काढून ते लाखांदूरला आले आणि स्वतःची शेड टाकली. काम बहुतेक नदीवरून पाणी ओढणाऱ्या इंजिनांचं. शिवाय दोन-चार मोटारसायकली आणि पंचक्रोशीतल्या तीन जीपगाड्या.

त्यातली एक जीप पुंडलिकरावांची. पुंडलिकराव धानाचे मोठे शेतकरी, गाव लाखांदूरपासून दोन कोसांवर. मिलिटरीच्या लिलावात घेतलेली ती जुनी पेट्रोल जीप त्यांच्या एकट्याची राहिलीच नव्हती. कोणाला साप चावला, कोणाच्या लेकीचं लग्न निघालं, की ड्रायव्हर इश्वर तीच गाडी काढायचा.

सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात पुंडलिकरावांची सून बाळंतपणाला अडली. भरदुपारी इश्वरनं तिला आणि तिच्या सासूला, गोदावरीबाईंना, जीपमध्ये घातलं आणि साकोलीचा रस्ता धरला. अर्ध्या वाटेवर इंजिनमधून फटफट आवाज आला, मागं निळा धूर निघाला आणि गाडी जागीच बसली. नशीब चांगलं, की मागून तांदळाचा एक ट्रक येत होता. ट्रकवाल्यानं पुढची जागा रिकामी करून दिली. संध्याकाळच्या आत साकोलीला मुलगी झाली, आई आणि लेक दोघी सुखरूप. पुंडलिकरावांनी गावात पेढे वाटले आणि जीपला बैल जुंपून ती परसरामभाऊंच्या शेडमध्ये आणून टाकली.

भाऊंनी इंजिन खोललं तर तिसऱ्या पिस्टनच्या डोक्याला चवन्नीएवढं भोक. धातू वितळून गेलेला. इश्वर म्हणाला उन्हाचा ताप. कोणी म्हणालं गाडीच म्हातारी. पुंडलिकरावांनीही तेच धरलं आणि नवा पिस्टन मागव म्हणाले. पण भाऊंना चैन पडेना. त्या गाडीचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, महिन्याभरापूर्वी त्यांनीच लावलं होतं.

हे मला कळलं ते शाळा सुरू झाल्यावर. जूनच्या शेवटी एके दिवशी मधल्या सुट्टीत भाऊ शाळेत आले. धुतलेला सदरा, हातात फडक्यात बांधलेलं एक पुस्तक. जीपच्या औजारांच्या पेटीत ते कित्येक वर्षं तेल पीत पडलं होतं. इंग्रजी पुस्तक.

"बाई, यात एक तक्ता हाये," ते म्हणाले. "आकडे मले वाचता येतेत. पण ते काय सांगून राहिले, ते समजत नाही."

मी तक्ता पाहिला. डावीकडच्या रांगेत तीनशे, पाचशे, नऊशे, पंधराशे. उजवीकडे त्यांच्यासमोर शून्य, तीन, सात, अकरा. वर इंग्रजीत दोन-तीन शब्दांचं शीर्षक. डावीकडे मिनिटाला फेरे आणि उजवीकडे अंश, एवढं मी सांगू शकले. पण कशाचे अंश आणि कशासाठी, हे मला कुठून कळणार? मी आयुष्यात गाडीचं बॉनेट उघडून पाहिलं नव्हतं. मग ठरलं असं, की त्यांनी मला इंजिन शिकवायचं आणि मी त्यांना तक्ता.

शनिवारी एसटी यायच्या आधी तासभर मी शेडमध्ये जाऊ लागले. भाऊंनी उघडलेलं इंजिन दाखवून समजावलं. पेट्रोल आणि हवा सिलिंडरमध्ये शिरतात, पिस्टन वर येऊन त्यांना दाबतो, प्लगमध्ये ठिणगी पडते, भडका होतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. चार सिलिंडरना पाळीपाळीनं ठिणगी वाटून देणारा डबा म्हणजे डिस्ट्रिब्युटर. हा डबा जरा इकडे फिरवला की ठिणगी लवकर पडते, तिकडे फिरवला की उशिरा. सगळे मिस्त्री तो कानानं लावायचे. इंजिन टकटक करेपर्यंत एका बाजूला फिरवायचा, मग टकटक थांबेपर्यंत थोडा मागे घ्यायचा. भाऊंचे उस्तादही असंच करायचे.

ठिणगी पडते कधी, तर पिस्टन अगदी टोकाला पोचायच्या थोडं आधी. पिस्टनांनी फिरणारं इंजिनचं चाक किती अंश फिरायचं बाकी असताना, ते टायमिंग. इथपर्यंत मला समजलं. आधी का, तर भडका पसरायला वेळ लागतो. पण तक्ता म्हणत होता की इंजिन जसं जोरात फिरेल तशी ठिणगी आणखी आणखी आधी पडली पाहिजे. ते का, असं मी विचारलं. भाऊंनाही ते माहीत नव्हतं. त्यांनी हा प्रश्न उस्तादांना विचारला होता, तेव्हा फक्त डोक्यात टपली मिळाली होती.

सुमनबाई, भाऊंची पत्नी, चहा घेऊन आल्या होत्या. शेडच्या मागंच त्यांचं घर. त्या आमचं बोलणं ऐकत उभ्या राहिल्या आणि सहज म्हणाल्या, "शिजायले त तेवढाच वेळ लागते ना. पंगत लवकर बसणार असंल, त चूल आधीच पेटवा लागते."

खरंच तेवढंच होतं. पेट्रोलला जळायला लागणारा वेळ जवळजवळ तोच राहतो, पण चाक जोरात फिरत असेल तर तेवढ्या वेळात ते जास्त अंश पुढं जातं. म्हणून ठिणगी तितके अंश आधी. मी वहीत एक त्रैराशिक मांडलं आणि भाऊ त्यावर बोट ठेवून दोनदा वाचून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, तसं माझ्या वर्गात वर्षातून एखाद्याच वेळी दिसायचं.

हे काम जीपमध्ये डिस्ट्रिब्युटरच्या आतच होतं. आत दोन छोटी वजनं असतात, त्यांना दोन बारीक स्प्रिंगा. आतला दांडा जोरात फिरला की वजनं बाहेर फाकतात आणि ठिणगी आपोआप पुढे सरकवतात. किती फाकायचं ते स्प्रिंगा ठरवतात. तक्ता म्हणजे त्या स्प्रिंगांनी कसं वागावं याचा हुकूम.

मी आलेखाच्या कागदावर चार ठिपके काढून रेघ जोडून दिली. पण भाऊंना एक शंका होती. साकोलीच्या गॅरेजात असताना भंडाऱ्याहून आलेल्या एका मिस्त्रीनं ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्यानं तपासून त्यांना दाखवलं होतं, की चालत्या जीपमध्ये ठिणगी वीस-पंचवीस अंशांपर्यंत पुढे जाते. पुस्तक तर अकरावर थांबत होतं. मी म्हटलं पुस्तक खोटं कसं असेल, तुमची आठवण चुकत असेल.

दोन दिवसांनी ते पुन्हा शाळेत आले. मी वर्गावर होते. ते तास संपेपर्यंत व्हरांड्यात थांबले, आणि मी बाहेर येताच म्हणाले, "बाई, हा तक्ता इंजिनच्या चाकाचा नाही. डिस्ट्रिब्युटरचा हाये."

त्यांनी हँडल लावून हातानं इंजिन फिरवून पाहिलं होतं. खालचं चाक दोन फेरे करतं, तेव्हा डिस्ट्रिब्युटर एक फेरा करतो. हे त्यांना साकोलीच्या गॅरेजापासून माहीत होतं, फक्त तक्त्याशी जोडलं नव्हतं. म्हणजे पंधराशे फेऱ्यांना अकरा अंश हे डिस्ट्रिब्युटरचे. इंजिनच्या चाकावर तेच तीन हजार फेऱ्यांना बावीस अंश, शिवाय सुरुवातीला हातानं लावलेले पाच. सगळं जुळत होतं. मी घाईघाईनं पुस्तक उघडलं. वरच्या शीर्षकात तो शब्द छापलेलाच होता. मी तो नुसतं नाव समजून ओलांडला होता. गणिताच्या बाईंना शीर्षक वाचायला एका मिस्त्रीनं शिकवलं, हे मी नंतर अनेक वर्षं वर्गात सांगत आले.

आता प्रश्न होता तो पुंडलिकरावांच्या जीपचा डिस्ट्रिब्युटर तक्त्याप्रमाणे वागतो का, हे बघायचा. ते तपासायची यंत्रं मोठ्या शहरांत असतात, असं आमच्या ह्यांनी सांगितलं. भाऊंनी तशा यंत्राचं काम कसं चालत असेल ते विचार करून काढलं आणि लाखांदूरमध्येच यंत्र बांधायला घेतलं.

त्यासाठी फिरण्याची गती पक्की माहीत असलेलं काहीतरी हवं होतं. तुलाराम राऊतांच्या राईस मिलचं इंजिन मिनिटाला साडेसहाशे फेरे घ्यायचं, तसं त्याच्या पाटीवरच कोरलेलं होतं. पावसाळ्यात मिल बंद असते. तुलारामजी मोकळ्या स्वभावाचे, पण त्यांनी एक अट घातली. मिलमध्ये तांदळाच्या कोंड्याची धूळ, तिथे ठिणगी उडवायची म्हणजे आधी सगळं झाडून, पाणी शिंपडून मगच. भाऊंनी एक अख्खा दिवस झाडण्यात घालवला. सुमनबाई मदतीला होत्या.

मी हिशेब करून वेगवेगळ्या मापांच्या लाकडी पुल्यांची यादी दिली. इथल्याच सुतारानं त्या करून दिल्या. त्यांच्यावरून पट्टा घेतला की डिस्ट्रिब्युटर तीनशेनं, पाचशेनं, नऊशेनं, पाहिजे त्या गतीनं फिरवता यायचा. फळीवर डिस्ट्रिब्युटर उलटा घट्ट बसवला, त्याच्या दांड्याला काटा म्हणून एक खिळा जोडला. काट्याभोवती पत्र्याचं कडं, आणि कड्यावर मी कंपासनं अंश आखून दिलेला कागद. ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलची तार कड्याला लावली. ठिणगी पडायची वेळ झाली की ती कड्यावरून काट्यावर उडी मारेल आणि कुठे मारली ते कागदावर दिसेल, अशी भाऊंची कल्पना.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी मुद्दाम घरी गेले नाही. दुपारी मिलची दारं लावून, फटींना पोती लावून अंधार केला. इंजिन सुरू झालं. काटा दिसेनासा झाला आणि कड्यावर चार दिशांना चार निळे ठिपके उभे राहिले. काटा गरागरा फिरतोय आणि ठिपके मात्र जागच्या जागी. तुलारामजी हात जोडून उभे राहिले.

तीनशे फेऱ्यांना भाऊंनी पेन्सिलीनं खूण केली, ते शून्य. मग पुली बदलून पाचशे. ठिपके मागे सरकले. तक्त्याप्रमाणे तीन अंश सरकायला हवे होते. नऊ सरकले.

भाऊंनी इंजिन बंद करवलं, पुली काढली, पुन्हा लावली. पुन्हा नऊ. तिसऱ्यांदाही नऊ. इंजिन हळू चालत असताना, ओझं ओढत असताना, ठिणगी सहा अंश जास्त आधी पडत होती. इंजिनच्या चाकावर मोजलं तर बारा. पिस्टन वर यायचा आहे आणि भडका त्याला आधीच खाली दाबतोय. त्या तापानंच धातू वितळून भोक पडलं होतं.

फळीपाशी बसून त्यांनी सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी त्या डब्यातली एक स्प्रिंग तुटली होती. नवी मिळत नव्हती, इश्वरला गाडी हवी होती, म्हणून त्यांनी एका मोडक्या टाइपरायटरची स्प्रिंग त्यात बसवली. लांबी सारखी होती. गाडी चालली, म्हणून ते विसरूनही गेले. स्प्रिंग मऊ होती आणि वापरानं आणखी सैल पडली.

मी म्हटलं, हे तुम्हाला तेव्हा माहीत कसं असणार? ते तसेच सायकल काढून पुंडलिकरावांच्या गावाला निघाले. पुढचं मला गोदावरीबाईंकडून कळलं. पुंडलिकराव ओसरीवर नातीला मांडीवर घेऊन बसले होते. भाऊंनी वहाणा काढल्या आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "ते भोक माह्याच हातानं पडलं. खोटी स्प्रिंग मीच टाकली होती."

पुंडलिकरावांनी त्यांना बसायला सांगितलं. पोरीचं तोंड पुसलं. मग विचारलं, "आता समजलं का तुले, काहून पडलं ते?"

"समजलं."

"मंग लाव नीट. दुसरीकडं कुठं नेऊ मी गाडी?"

गोदावरीबाई सांगत होत्या, की परसराम जेवूनच गेला, आणि जेवताना एकदाही वर पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात ते नागपूरच्या जुन्या सामानाच्या बाजारातून नवा पिस्टन आणि कागदाच्या पुडीत सात स्प्रिंगा घेऊन आले. एकेक स्प्रिंग बसवून मिलमध्ये फिरवून पाहिली. पहिल्या दोन कडक, ठिपके हलेचनात. तिसरी-चौथी मऊ. पाचवीनं पाचशेला तीन दाखवले, नऊशेला सात आणि पंधराशेला अकराला अर्धा अंश कमी. तो अर्धा अंश त्यांना खटकत होता. मी सांगितलं की पुस्तकातही एक अंश इकडेतिकडे चालेल असं लिहिलंय. या वेळी मी खालची बारीक अक्षरंही वाचली होती.

जीप जोडून झाली तेव्हा धान निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या. इश्वरनं मागे पोती भरली आणि चुलबंद नदीच्या पुलाच्या चढावर गाडी मुद्दाम वरच्या गिअरमध्ये हळूहळू चढवली, जिथे ती नेहमी टकटक करायची. भाऊ शेजारी बसले होते, मी मागे पोत्यांवर. टकटक नाही. नुसता इंजिनचा एकसुरी आवाज. पुलावर पोचल्यावर इश्वरनं गाडी थांबवून बिडी पेटवली. भाऊ खाली उतरून कठड्याला टेकून नदीकडे बघत उभे राहिले. मला वाटतं, त्या माणसाला इतकं मोकळं मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी एक जाड वही सुरू केली. ज्या गाडीचा म्हणून तक्ता मिळेल तो त्या वहीत, डावीकडे फेरे, उजवीकडे अंश, वर ठळक अक्षरांत "डिस्ट्रिब्युटरचे" किंवा "चाकाचे". हा शब्द लिहिल्याशिवाय ते आकडे उतरवायचेच नाहीत. आमच्या ह्यांनी जवाहरनगरला ही गोष्ट सांगितली आणि तिथल्या एका साहेबांची अँबेसेडर लाखांदूरला आली. त्या गाडीत आणखी एक भानगड निघाली. वजनांशिवाय एक रबराची नळी आणि पडद्याची डबी. गाडी रिकामी, सपाट रस्त्यावर आरामात चालली असेल तर ती ठिणगी आणखी पुढे ओढते, ओझं आलं की सोडून देते. तिचा तक्ता वेगळा. भाऊंनी नळी तोंडात धरून हवा ओढली आणि आतली पट्टी सरकते का ते पाहिलं. सरकत नव्हती, पडदा फाटला होता. साहेब म्हणाले, हे मला तीन ठिकाणी कुणी सांगितलं नव्हतं. भाऊंनी त्यांना तक्ता दाखवून सगळं समजावलं, अर्धा तास. गिऱ्हाइकाला समजावल्याशिवाय गाडी द्यायची नाही, हा त्यांचा नियमच झाला. काही लोक कंटाळायचे.

आठवड्याला दोन-तीन गाड्या बाहेरगावाहून यायला लागल्या. मिलमधलं यंत्र भाऊंनी शेडमध्ये हलवलं, आणि ते चालवायला छोटं इंजिन बसवलं. चौऱ्याऐंशी साली आयटीआयचे एक निदेशक ते बघायला आले. त्यांनी मापं घेतली, चित्र काढलं आणि भाऊंना एक दिवस आपल्या मुलांसमोर बोलायला बोलावलं. भाऊंनी तीन रात्री नीट झोप घेतली नाही, असं सुमनबाई म्हणाल्या. पण गेले. फळ्यावर तक्ता लिहून त्यांनी मुलांना पहिला प्रश्न विचारला तो चुलीचा आणि पंगतीचा, आणि उत्तर कुणाचं आहे तेही नाव घेऊन सांगितलं. सुमनबाईंना हे कळल्यावर त्या दोन दिवस लाजत होत्या.

माझी बदली शहाऐंशीत भंडाऱ्याला झाली. दोन वर्षांनी एका लग्नासाठी लाखांदूरला गेले, तेव्हा शेडला टिनाच्या जागी विटांच्या भिंती झाल्या होत्या. पुंडलिकरावांनी जुनी जीप विकून डिझेलची घेतली होती, तिला ठिणगी लागतच नाही. मला वाटलं भाऊंना याचं वाईट वाटलं असेल. तर ते हसून म्हणाले, "तिच्यातबी टायमिंग हायेच, बाई. ठिणगीच्या जागी डिझेल फवारते, एवढंच." वहीत डिझेलची पानंही सुरू झाली होती.

सुमनबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदूळ एकोडीचा होता, भाऊंच्या भावाच्या बांधीतला. भाऊ जेवून हात धुवून एका स्कूटरपाशी जाऊन बसले. तिचा मालक, कुठल्याशा शाळेचा तरुण मास्तर, घड्याळ बघत उभा होता. भाऊंनी त्याला बाकावर बसवलं आणि वही उघडून त्याच्या मांडीवर ठेवली. माझी एसटी आली तेव्हा मास्तर अजून वाचत होता, आणि भाऊ एका बाजूला शांतपणे प्लग पुसत होते.